पिवळट स्क्रीन

प्रिय रेक्स,

आधी माझ्या कॉम्प्युटरची खबर देते, कारण हल्ली दर रविवारी तू सख्ख्या बहिणीच्या आधी त्याचीच तब्येत विचारतोस. तो आता ठणठणीत आहे. कसा झाला ते सगळं सांगणार आहे आणि पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, याचा मला भारी आनंद होतोय.

ईस्टरच्या रविवारी आपण नेहमीसारखे व्हिडिओ कॉलवर पत्ते खेळायला बसलो आणि तू स्क्रीनवर उगवलास तो भोपळ्याच्या रंगाचा. मी म्हणाले, "अरे, हे काय रूप?" तर तू खो खो हसलास. "नेरिडा, तुझा स्क्रीन म्हातारा झालाय, तुझ्यासारखाच. आधी तो दुरुस्त कर, मग माझ्या रूपाला नावं ठेव." मला ते पटलं. फार पटकन पटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या हेंकला हाक मारली. चाळीस वर्षं छापखान्यात रंगीत पानं काढलेला माणूस, त्याच्याहून रंगातलं कोणाला कळणार? तू त्याला 'डच नवरदेव' म्हणतोस, ते त्याच्या कानावर गेलंय बरं का. रागावला नाही, उलट त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला. आल्या आल्या त्याने एक कोरा कागद स्क्रीनशेजारी धरला. म्हणाला, "डोळा लबाड असतो. बघता बघता पिवळ्यालाच पांढरं म्हणायला लागतो. कागद खोटं बोलत नाही." कागदाशेजारी माझा स्क्रीन खरंच लोण्यासारखा दिसत होता! मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला चहाबरोबर दोन गोड स्कोन जास्त वाढले.

संध्याकाळी डोळ्यांना त्रास नको म्हणून उजेड पिवळसर करायची एक सोय असते, ती मीच कधीतरी चालू करून विसरले होते. ती बंद केली. लोणी गेलं, पण वर गुलाबी झाक आली. केबल हलवली की ती जायची, सोडली की परत यायची. काढून बघितली तर एक पिन वाकलेली. हेंकने चष्मा कपाळावर चढवून माझ्या शिवणाच्या सुईने ती सरळ करायचा प्रयत्न केला आणि मोडली. मग नवी केबल आणली. नंतर स्क्रीनच्या खालच्या बटणांनी रंग मूळच्यासारखे केले, कॉम्प्युटरमध्ये रंगांची कुठलीतरी जुनी फाइल चिकटून बसली होती ती उडवली. शेवटी माझ्या पांढऱ्या कॅमेलियाचा फोटो लावला आणि फूल तोडून शेजारी धरलं. दोन्ही सारखी. हेंकने टाळ्या वाजवल्या.

तरी पुढच्या रविवारी तू पिवळाच. तू म्हणालास, "मी या खाणींच्या गावात जमिनीखालच्या घरात राहतो बाई, इथे ना खिडकी ना ऊन. बल्बचा उजेड आहे हा." तेही मला पटलं. मग म्हटलं, आपलेच डोळे गेले असतील, म्हणून तपासून आले. डॉक्टर म्हणाली, या वयात असे डोळे कमी बघायला मिळतात. घरी येईपर्यंत मी बसमध्ये रडत होते. चांगली बातमी ऐकून कोणी असं रडतं का?

गेल्या रविवारी तू चहा पीत होतास. पांढरा कप तोंडाशी नेलास आणि तसाच धरून माझ्या पत्त्यांवर काहीतरी टोमणा मारलास. त्याच बल्बच्या उजेडात कप पांढराशुभ्र होता. तुझा शर्ट पांढरा होता. तुझे गाल पिवळे होते आणि डोळ्यांतला पांढरा भाग मोहरीच्या फुलासारखा. हेंक माझ्या मागे बशी घेऊन उभा होता. आपलं बोलणं संपल्यावर त्याने बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "नेरिडा, कॉम्प्युटर बरा आहे."

रेक्स, तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. कॉलिन आजारी पडला तेव्हा तो मला पहिल्यांदा पिवळा दिसला तो स्वयंपाकघरात. मी दिव्याला दोष दिला. बल्ब बदलला. मग पडदे बदलले. नवऱ्याकडे नीट बघायचं सोडून दीड महिना मी घरभर रंग शोधत फिरले. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" मी काय सांगणार, पडदे शिवत होते? या वेळी मी तेच केलं, फक्त केबलने. मला तो स्क्रीनच बिघडलेला हवा होता.

सोमवारी फोनवर मी 'डॉक्टर' एवढाच शब्द काढला, तर तू "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवलास. आवाज मुळीच तुटत नव्हता. त्यानंतर तीन दिवस उचललाच नाहीस. जन्मभर दगडातली ठिणगीएवढी निळी चमक ओळखून ओपलची रत्नं विकलीस, आणि आरशात स्वतःचा रंग दिसत नाही? दिसतोय. मला माहीत आहे, दिसतोय. घाबरला आहेस. मीही घाबरले आहे. कदाचित पित्ताचा खडा असेल. हेंकच्या बहिणीला होता, काढला आणि आता ती नाचायला जाते. कदाचित नसेल. पण कॉलिनच्या वाट्याचे जे दिवस मी घालवले, ते तुझ्या वाट्याचे घालवू देणार नाही.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. ॲडलेडच्या विमानतळावर तुमच्या गावाच्या छोट्या विमानाची वाट बघत लिहितेय. तोंडाने सांगायला गेले तर तू दोन विनोद करशील, मी हसेन आणि सगळं राहून जाईल. म्हणून दार उघडलंस की एक शब्द न बोलता हे तुझ्या हातात देणार आणि तुझं वाचून होईपर्यंत बाहेर उभी राहणार. दवाखान्यात तीनची वेळ घेतली आहे. बूट घाल आणि ये.

तुझीच,
नेरिडा