तीनदा फिरवलेलं ताट

प्रिय तातय, माझे बाबा,

आपल्याकडे रीतच आहे, जेवताना कोणी प्रवासाला निघालं की घरच्यांनी आपापलं ताट फिरवायचं, म्हणजे तो सुखरूप परततो. दोन वर्षांपूर्वी मी बोटीसाठी मध्येच उठलो, तेव्हा आईनं लगेच फिरवलं. तुम्ही मात्र ओरडलात, "जा लेका! मी नाही फिरवत, आणि परत आलास तर दार उघडणार नाही!"

इथे पालावान बेटावर आंबे काय गोड आहेत! असो.

खरं सांगू? विसरलेली टोपी न्यायला मी माघारी आलो होतो. खिडकीतून पाहिलं, तर आई आत गेलेली आणि तुम्ही चोरासारखे इकडेतिकडे बघत ताट फिरवताय. एकदा नाही, तीनदा! माशाचं डोकं खाली पडलं, ते मांजरीनं पळवलं. मी टोपी न घेताच पळालो.

हे पत्र टपालात टाकत नाही, हातातच देईन. उद्याच्या बोटीनं मीच येतोय. दार उघडा, मोठा मासा आणतोय. डोकं तुमचं.

तुमचा भटक्या,
क्रिस्पुलो