म्हातारीच्या तबकड्या

४ मार्च

चि. चिमटी हिस,
अ. उ. आ.

पाकीट बघून तुला वाटेल, मामाला झालं तरी काय, फोन सोडून पत्र लिहितोय. फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. पत्रात तुला गप्प बसावंच लागतं. अक्षर एवढं मोठं का, हे मात्र विचारू नकोस. पेन नवीन आहे, जाड टोकाचं.

काम असं की म्हातारीला माळ्यावरून खाली उतरवलंय. ज्या लढाऊ विमानावर माझी तरुणपणाची वर्षं गेली, त्याला आम्ही सगळे तेव्हाही म्हातारीच म्हणायचो. निवृत्तीनंतर तिचं चौथ्या हिश्शाएवढं मॉडेल करायला घेतलं, ते तू पाहिलं आहेस. पंख झाले, धड झालं, चाकं झाली. कॉकपिट तेवढं रिकामं राहिलं, दात पडलेल्या तोंडासारखं. सध्या ती जेवणाच्या टेबलावर ऐसपैस बसली आहे आणि आम्ही दोघं ओट्याशी उभ्याने जेवतो. तुझी मामी म्हणते, सवत माळ्यावर होती तेच बरं होतं.

परक्यांच्या मॉडेलांना तू मीटर करून देतेस, तर आता मामाच्या विमानालाही कर. सगळ्या तबकड्या, अगदी खऱ्यासारख्या. एक लक्षात ठेव, विमान जमिनीवर उभं आहे, इंजिन बंद आहे. म्हणजे सगळे काटे झोपलेले हवेत. उभ्या विमानात उडते काटे लावणाऱ्यांना माझ्याकडे क्षमा नाही.

जरा लवकर कर. घाई कसली, ते विचारू नकोस.

लोभ आहेच. उशीर केलास तर तो थोडा कमी करता येतो का, ते बघेन.

तुझा,
मामा


१५ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा नुसतं अक्षर बघायला. शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखं आहे.

काम घेतलं. तू सांगायच्या आधीच घेतलं होतं म्हण. माझ्या खोलीच्या बरोबर खाली किल्लीवाल्याचं दुकान आहे. त्याचं यंत्र सुरू झालं की माझं टेबल थरथरतं, म्हणून काटे बसवायचं काम तो दुपारी जेवायला गेला की करते. तो परवा विचारत होता, वर तुम्ही घड्याळं दुरुस्त करता का. मी म्हटलं, नाही, मी न चालणारी घड्याळं बनवते. बिचारा मान हलवत निघून गेला.

आज पत्र्यातून मोठ्या तबकड्यांच्या चकत्या कापल्या, आणि काय आठवलं सांगू? तू रजेवर आलास की आईच्या डब्यांची झाकणं स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून मांडायचास. काड्यापेटीच्या काड्या म्हणजे काटे. मला स्टुलावर बसवून डोळ्यांवर तुझा रुमाल बांधायचास आणि ओरडायचास, उंची! वेग! तेल! मी हात लांब करून त्या त्या झाकणाला बोट लावायचं. चुकलं की विमान कोसळलं, आणि तू स्टुलासकट मला आडवी करायचास. आई म्हणायची, पोरीचे दात पडतील एक दिवस. पुढचे दोन आपोआपच पडले, तरी तिने शेवटपर्यंत बोल तुलाच लावला.

आई गेल्यापासून ती झाकणं माझ्याकडेच आहेत. एकालाही डबा उरलेला नाही.

आता कामाचं. त्या जातीच्या विमानाचे नकाशे मिळाले, पण मला तुझ्या म्हातारीचं कॉकपिट हवंय. कुठे रंग उडाला होता, कुठला स्क्रू बदललेला होता, सगळं कळव. मामीला नमस्कार. तिला टेबल परत मिळेल असं सांग, पण तारीख देऊ नकोस.

माया असू दे, सूचना थोड्या कमी असल्या तरी चालेल.

तुझी,
चिमटी


२८ मार्च

चि. चिमटीस,
अ. उ. आ.

अक्षर तुझ्या मामीचं आहे. माझं मनगट लचकलंय, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. मध्ये स्वतःचं काही घुसडू नकोस असं तिला बजावलंय.

(घुसडणारच. मनगटाला काहीही झालेलं नाही असं मी म्हणाले, तर माझ्याकडे रागाने बघतात. जाऊ दे. – मामी)

तर, डाव्या बाजूचा रंग खालच्या कडेला उडालेला. तिथे हातमोजा घासायचा. आतला पत्रा चमकू दे, पण नव्या भांड्यासारखा नको. आकड्यांवरचा अंधारात दिसणारा रंग जुना होऊन फिक्या चहासारखा झाला होता. उंचीच्या मीटरच्या काचेला डावीकडे बारीक तडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेलाच्या दाबाचं मीटर आमच्या मेकॅनिकने मुद्दाम तिरकं फिरवून बसवलं होतं. दाब बरोबर असला की काटा सरळ उभा राहायचा. आकडा वाचायला नको, नुसता उभा आहे ना ते बघायचं. असं दुसऱ्या कुठल्या म्हातारीत नव्हतं.

झाकणांचा खेळ मी उगाच काढला नव्हता. आमच्या गुरुजींनी आमच्याकडून तो करून घेतला होता. खऱ्या कॉकपिटमध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून बसवायचे आणि एकेक नाव घ्यायचे. धूर झाला, दिवे गेले तरी हाताला घर माहीत पाहिजे, असं ते म्हणायचे. मला अजून सगळं पाठ आहे. परवा खुर्चीत बसून करून बघितलं, मामीचा चहाचा कप उडाला.

(बशीसुद्धा. – मामी)

आम्हा दोघांकडून प्रेम. बशीचं दुःख वेगळं.

मामा


६ मे

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

सोबत फोटो पाठवते आहे. पॅनेल अजून पक्कं बसवलेलं नाही, तबकड्या नुसत्या भोकांत ठेवल्या आहेत. काटे पितळेच्या पातळ पत्र्यातून कापले. उंचीच्या मीटरला सुईच्या टोकाने तडा दिला. पहिली काच त्यात फुटली, दुसरी जमली. चहाचा रंग आणायला खराच चहा वापरला.

तू नीट बघ आणि चुका काढ. मागे दुसऱ्या कुणासाठी केलेल्या तबकडीचा फोटो तुला दाखवला होता, तेव्हा काटा केसभर जाड आहे म्हणून तू मला पत्र्याचं सोंग म्हणाला होतास. तेवढा खडूसपणा या वेळीही चालेल. तू हो म्हणालास की काचा चिकटवते आणि पॅनेल बंद करते. मग काही बदलता येणार नाही.

मनगट कसं आहे? मामीला विचारलं तर खरं कळेल.

आठवण ठेव, आणि भिंग हाताशी ठेव.

तुझी,
चिमटी


१७ मे

चि. चिमटीस,
अ. उ. आ.

फोटो मिळाला. हुबेहूब! एकही चूक नाही. जणू आताच कोणी उतरून गेलंय. चिकटव काचा आणि पाठवून दे.

मनगट सुधारतंय.

(शहाणी आहेस ग पोरी. – मामी)

भरभरून प्रेम.

मामा


२० मे

ती. स्व. मामीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुला आहे. त्याला वाचून दाखवू नकोस.

त्याचं हुबेहूब वाचून मी खूश झाले आणि काचा चिकटवायला बसले. बसण्याआधी सहज फोटो समोर धरला. मामी, मी फोटोसाठी तबकड्या मांडताना घोटाळा केला होता. वेगाची तबकडी उंचीच्या जागी आणि उंचीची वेगाच्या जागी. चेहऱ्यावर नाक आणि कान बदलून लावावेत तशी चूक. ज्याला केसभर जाड काटा फोटोत दिसायचा, त्याला हे दिसलं नाही?

मग ते मोठं अक्षर आठवलं. ती घाई आठवली. मनगटही आठवलं.

किती दिसतं त्याला आता? आणि मला का नाही सांगितलंत?

काचा अजून चिकटवलेल्या नाहीत. उत्तराची वाट बघते.

तुझीच,
चिमटी


२९ मे

चि. चिमटी हिस,
अ. आ.

तुझं पत्र मोरीत उभी राहून वाचलं, कारण घरात तेवढीच जागा आहे जिथे हे माझ्या मागे येत नाहीत.

मधलं सगळं गेलंय ग. माणसाकडे बघितलं तर माणूस दिसत नाही, त्याच्या बाजूची दाराची चौकट दिसते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा थोडं वाचता येत होतं. आता तेही नाही. डॉक्टर म्हणतात, कडेची नजर राहील, मधली यायची नाही. काम मागितलं ते डोळे जायच्या आत बघता यावं म्हणून. तू हात चालवलास, पण डोळ्यांनी जास्त घाई केली.

तुला का सांगितलं नाही? तुझ्या मामाला विमानातून उतरवलं ते डोळ्यांच्या तपासणीनेच, तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. तेव्हाही त्यांनी मला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर ऑफिसातल्या खुर्चीत बसून यायचे. मला शेजारणीकडून कळलं. भांडले नाही. त्या दिवशी डबा भरला नाही, एवढंच. मग आपणहून बोलले. आता म्हणतात, त्या पोरीने मला कायम वरच बघितलंय, तिच्यासमोर दुसऱ्यांदा उतरायचं नाही.

फोटो आला तेव्हा मीच म्हणाले, छान दिसतंय. मला बाई काय कळतंय त्यातलं, सगळी गोल गोल. माझ्या शब्दावर त्यांनी हुबेहूब लिहायला सांगितलं. नंतर बराच वेळ फोटोवर बोट फिरवत बसले. गुळगुळीत कागद, त्यात काय लागणार हाताला.

रात्री म्हणाले, आता आलं काय आणि नाही आलं काय. तू ते पाठवलंस तरी त्यांच्यासाठी ते एक खोकंच असेल. काय करायचं ते तू ठरव. मला सुचत नाही.

तुझी,
मामी


११ जुलै

ती. स्व. मामीस,
सा. न. वि. वि.

खोकं वेगळं पाठवलंय. दोन-चार दिवसांत पोचेल. उघडताना हलकं धर, कारण आत एकाही तबकडीला काच नाही.

माझ्या धंद्यात काच म्हणजे जीव. तिच्यावर उजेड पडला की कागद आणि पत्रा यांचं मीटर होतं. ती नसली तर नुसतं खेळणं. नुसत्या बसवून बघितलेल्या दोनसुद्धा काढल्या. तडा गेलेली होती तीही. काटे नव्याने कापले, जरा जाड, बोटाला लागतील असे. हो, केसभर जाड, सांग त्याला. खुणांवर घट्ट रंगाचे थेंब ठेवले, वाळल्यावर तांदळाच्या कण्यांसारखे उभे राहिले. तबकड्या आपापल्या जागी आहेत. डोळ्यांवर रुमाल बांधून तपासून बघितलं. किल्लीवाला तेवढ्यात घरमालकाने त्याच्याकडे ठेवलेली भाड्याची पावती द्यायला वर आला आणि तसाच जिना उतरून गेला.

आणखी एक. त्याने काटे झोपलेले मागितले होते. मी उठवले आहेत. म्हातारी आता वर आहे, ढगांच्या वर, सरळ चाललेली.

एक काटा मात्र मुद्दाम झोपलेला ठेवलाय, तेलाचा. विमान आकाशात आणि तेलाचा दाब शून्य. मामी, मला त्याचं हुबेहूब नको. मला त्याची खरडपट्टी हवी आहे. त्याला सापडला तर मी जिंकले. नाही सापडला तर तू काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही.

पॅनेल म्हातारीच्या आत बसव आणि त्याचा हात आत घाल. तू बाजूला उभी राहा. कपबशी दूर ठेव.

तुझ्या मायेची,
चिमटी


२ ऑगस्ट

चि. चिमटीस,
अ. उ. आ.

अक्षर माझं आहे. मामीने पुठ्ठ्याला खाच कापून दिली, तिच्यात पेन चालवतो. ओळ ओळीवर चढली असेल तर सोडवून वाच.

खोकं आलं. मी म्हणालो, पोरगी काचा लावायला विसरली. मामी काही बोलली नाही. ती गप्प बसली म्हणजे कट असतो, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मग बोट ठेवलं, आणि तू विसरली नाहीस हे कळलं.

मी मामीला सांगितलं, नावं घे. तिने चिठ्ठीवर लिहून घेतली आणि एकेक ओरडली. तुझ्या मामीला ओरडायला मी कधी सांगितलं नव्हतं, पण तिला ते फार चांगलं येतं. उंची! वेग! होकायंत्र! हात आपणहून गेला ग. सगळी घरं जिथल्या तिथे. वेगाचा काटा चढलेला लागला तेव्हा मी मामीला म्हणालो, जरा थांब. तो काटा पुन्हा चाचपला.

आता तुझ्या चुका. काटे जाड आहेत. बोटांसाठी आहेत हे समजलं, तरी जाड ते जाड. दुसरं, तेलाचा दाब शून्य? इंजिन बंद पाडून मला आकाशात पाठवतेस होय? स्टुलावरून आडवी केली पाहिजे तुला. मामी तेव्हा तोंडाला पदर लावून हसत होती, म्हणजे ही चूक तुझी नाही, तुम्हा दोघींची आहे. तो काटा मी नखाने वर सरकवला. सरळ उभा केला.

पण तिसरी चूक खरी आहे, आणि ती तुलाही माहीत नाही, पैज लाव. टाकीचा काटा. काठोकाठ भरलेली दाखवली आहेस. एवढ्या उंचीवर पोचायला अर्धी टाकी जाते, चिमटे. वाटेत ढगात कोण पेट्रोल भरून गेलं?

तोही सरकवायला नख लावलं होतं. मग राहू दिला. टाकी भरलेलीच असू दे.

मी आता संध्याकाळी थोडा वेळ तिच्यात हात घालून बसतो. जेवण अजून ओट्याशीच. मामीची तक्रार नाही, नावं तीच घेते.

पुढच्या रजेत ये. रुमाल माझ्याकडे आहे. झाकणं तू घेऊन ये.

लोभ होता तेवढाच आहे. वाढवायला आता जागा नाही.

तुझा,
मामा