खांबपर्यंतचे तिकीट

पेण,
सोमवार, ६ एप्रिल २०२६

श्री. प्रविण कान्हू भोईर यांस,

पत्राच्या माथ्यावर सलाम लिहिण्याची आपल्या ख्रिस्ती मंडळीची रीत आहे, म्हणून लिहितो. सलाम. तुमची व सौ. मनस्वीची प्रकृती ठीक असावी. माझी बेताची आहे. गुडघ्याचे जुनेच दुखणे, त्यापलीकडे विशेष नाही. पेणला ऊन फार आहे. शेजारच्या कारखान्यात यंदाचे गणपती वाळत ठेवले आहेत, त्यांची पांढरी धूळ आपल्या उपासनेच्या खोलीपर्यंत येते. काल पुनरुत्थानाच्या उपासनेआधी जानीबाईंनी सगळे बाक दोनदा पुसून काढले.

तुम्हांला 'तुम्ही' लिहिताना लेखणी अडते. रोह्याच्या शाळेत तुम्ही आठवीत माझ्यासमोर बसलात, तेव्हापासून असे कधी लिहिले नव्हते. परंतु ज्याने कागदावर मला परका ठरवले, त्याला एकेरी हाक मारण्याचा अधिकार आता मला उरला नाही.

कामाचे आधी लिहितो. येत्या रविवारी, १२ तारखेस, उपासनेनंतर मंडळीची बैठक आहे. तुमचे नाव सभासदांच्या यादीतून कमी करावे, असा ठराव मी स्वतः मांडणार आहे. आपण कधीही ख्रिस्ती नव्हतो, असे तुम्हीच लिहून दिले आहे. तेव्हा यादी तेवढी खरी करायची.

तो कागद मला कसा दिसला, हे तुम्हांस ठाऊक नसेल. २४ फेब्रुवारीस मला पोलीस ठाण्यात बोलावले होते. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत मी बाकावर बसून होतो. कोणी उद्धट बोलले नाही, हे सांगितले पाहिजे. तिथला हवालदार निकेश, तोही माझाच विद्यार्थी. त्याने चहा आणला, कागद माझ्यापुढे ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, अक्षर ओळखता का बघा. मला तर पयल्यांदा तुमचंच वाटलं."

अक्षर माझेच होते. तुमची बोटे धरून मी वळवलेले. त्या अक्षरात लिहिले होते : "मी व माझे कुटुंब कधीही ख्रिस्ती नव्हतो. शांतवन मास्तरांनी कंपनीत नोकरी लावण्याचे आमिष दाखवून मला प्रार्थनेस नेले."

प्रविण, तुम्ही २०११ साली बाप्तिस्म्यासाठी कुंडलिकेच्या पाण्यात उतरलात. मी कमरेएवढ्या पाण्यात तुमच्याशेजारी उभा होतो. डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे तुम्ही लागलात २०१४ साली. आमिष आधी दाखवतात, तीन वर्षांनी नव्हे. हे मी ठाण्यात सांगू शकलो असतो. सांगितले नाही. "अक्षर माझ्या विद्यार्थ्याचे आहे," एवढेच म्हणालो आणि निकेशने ते लिहून घेतले. पुढे मला कोणी बोलावले नाही. परंतु तुमच्या घरी दर बुधवारी भरणारी प्रार्थना बंद झाली ती झालीच, आणि त्या बाजूची दोन कुटुंबे आता माझा फोन उचलत नाहीत.

तुमच्या मातोश्री धोंडुबाई गेल्या, त्यानंतर गावकीत तुमच्यावर काय बेतले असेल, याची मला कल्पना आहे. त्या आपल्या कुळाच्या देवाला धरून जगल्या व गेल्या. त्यांना तुम्ही अग्नी देऊ नये, असे मी तुम्हांस फोनवर सांगितले, ते शास्त्राला धरूनच सांगितले. पवित्र म्हणजे वेगळा केलेला. ज्याने हे नाव घेतले, त्याला सोयीच्या दिवशी एक आणि अडचणीच्या दिवशी दुसरे, असे दोन चेहरे ठेवता येत नाहीत. तुमच्या चुलत्यांनी, महिपतीरावांनी, तुमच्या जागी अग्नी दिला म्हणून तिसऱ्या दिवशी गावकीची बैठक बसली. त्या बैठकीत तुमच्या बाजूला येऊन बसण्याचे मी कबूल केले होते. परंतु त्या दिवशी प्रकृतीने साथ दिली नाही, त्यामुळे निघणे झाले नाही, हे तुम्हांस कळलेच असेल.

परवाच्या पवित्र गुरुवारी तुम्ही उपासनेस आलात. त्याविषयी मी काही लिहीत नाही.

कळावे.

शांतवन दा. साळवी
मंडळीचे वडील, पेण

*

पेण,
सोमवार, १३ एप्रिल २०२६

चि. प्रविण यास,

सलाम. या खेपेस रीत म्हणून लिहीत नाही.

मागचे पत्र मिळाले असेल तर फाडू नकोस. त्यात एक खोटे आहे. ते माझ्या अक्षरात तुझ्याजवळ राहू दे.

गुरुवारी दुपारी मनस्वी येऊन गेली. तू तिला पाठवले नव्हतेस, हे तिने उंबऱ्यातच सांगितले : "त्यांना ठाव नाय मी आले ते. पेणला बाजाराला आलेय, असं सांगून आले." पिशवीतून तिने कडवे वाल काढले. "आईंनी पेरलेले हायत. त्या गेल्यावर आम्ही काढले. दरसाल तुमच्याकडं येतात, म्हणून आणले. भांडान तुमचं, वालांचं काय त्यात?"

मी पाणी दिले. जे मनात साचले होते तेच बोललो. म्हणालो, "मनस्वी, पंधरा वर्षे मंडळीत असलेला माणूस एका दुपारी मला विकून मोकळा झाला."

तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मास्तर, त्या दुपारी बैठक दोन तास थांबवून ठेवली होती त्यांनी. 'माझे मास्तर येतायत, आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाय,' असं सगळ्यांना बोलले. मग गावातली मान्सं बोलली, मास्तर म्हातारे हायत, चला आणायला. धा जण गेले खांबच्या थांब्यावर. महिपतीकाका पन गेले. रिक्षा आत येत नाय, पायवाट हाय, आणि तुमचा गुडघा दुखतो हे समद्यांना ठाव. म्हणून काकांनी आईंची काठी घेतली होती बरोबर. तुमच्यासाठी."

मी विचारले, "प्रविण होता थांब्यावर?"

"म्हणजे काय! तेच तर पुढं व्हते. दोन गाड्या गेल्या. मग घरी येऊन बोलले, मास्तरांची गाडी चुकली असंल. आणि कागद पुढं आला तो लिवला."

प्रविण, माझी गाडी चुकली नव्हती.

मागच्या पत्रात लिहिले की निघणे झाले नाही. मी निघालो होतो. १३ फेब्रुवारीस सकाळी पेणच्या एस.टी. स्थानकावर रोह्याच्या गाडीत बसलो आणि खांबचे तिकीट काढले. वडखळला गाडी अडकून पडली. तिथे मी पवित्र शास्त्र उघडून बसलो आणि बैठकीत काय बोलायचे ते मनात जुळवले. पुष्कळ चांगले जुळले होते. नागोठणे मागे पडेपर्यंत माझ्या मनात भीतीचा लवलेश नव्हता.

मग खांब आले. खिडकीतून दिसले की थांब्यावर आठदहा पुरुष उन्हात उभे आहेत आणि सगळे गाडीकडे पाहत आहेत. एकाच्या हातात काठी होती. मला काठीच दिसली. माणसांचे चेहरे मी पाहिलेच नाहीत.

वाहक बाई म्हणाल्या, "आजोबा, खांब आलं. उतरा सावकाश."

मी म्हणालो, "मला कोलाडला जायचे आहे."

"तिकीट तर खांबचं हाय."

"चुकून काढले."

त्यांनी फरकाचे तिकीट फाडून दिले. गाडी सुटली. कोलाडला उतरून मी चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसलो. खांब पुन्हा आले तेव्हा मान खाली घालून शास्त्र वाचत होतो. कोणते पान होते ते आज सांगता येत नाही. खूण म्हणून ते पहिले तिकीट त्यातच राहिले. दोन महिने रोज सकाळी मी त्या तिकिटाचे पान टाळून वाचतो आहे.

आयुष्यभर मी वर्गात आणि मंडळीत विश्वासूपणा शिकवला. थांब्यावर उभ्या असलेल्यांत तू होतास, आणि मी वाहक बाईंना सांगितले की मला तुझ्या गावी जायचेच नाही.

आता पवित्र गुरुवारचे लिहितो. मागे लिहीत नाही म्हणालो होतो.

तू दुसऱ्या शिफ्टला दांडी मारून आला होतास. मागच्या बाकावर टोकाला बसलास. कागद लिहून दिल्यावर तू तेराव्याला केस उतरवलेस, हे ऐकले होते. नुकते उगवलेले केस मी पाहिले. तू बूट काढलेस, मोजे काढून आत खोचलेस, पाय फरशीवर ठेवलेस आणि वाट पाहत राहिलास. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून मी परात घेऊन रांगेने येत होतो. तुझ्याशेजारच्या रमेशचे पाय धुतले, पंच्याने पुसले. उठलो. तुझे पाय माझ्यापुढे होते. आणि मी परात उचलून पुढच्या बाकावर गेलो.

तेव्हा मला वाटले की मी पवित्र जागेची राखण करतो आहे.

काल बैठकीत मी ठराव मांडायला उभा राहिलो आणि ठरावाऐवजी खांबची हकिगत सांगितली. मग जानीबाई बोलल्या. तुला ठाऊक आहेच, नदीकाठच्या वाडीतून त्या दर रविवारी चालत येतात आणि कधी मधे बोलत नाहीत.

"गुडघा दुखतो म्हनता, न् कोलाडला बरं गेलात मास्तर."

दोघेतिघे हसले. मीही हसलो असतो, पण त्या हसत नव्हत्या. "मी बघत व्हते गुरुवारी. तुमी परात फुडं नेलीत. त्या पोराचं पाय कोरडंच ऱ्हायलं. नाडी न बांधताच बूट घालून गेला त्यो. परभूनं तर दगा देनाऱ्याचं पन धुतलं व्हतं ना? तुमीच सांगितलंव आमाला. दरसाल सांगता."

रमेश म्हणाला, "मावशी, ते खरं. पण कागद तर त्यानं लिवलाच ना? मास्तरांना ठाण्यात बसवलं. ते कसं विसरायचं?"

"इसर कोन बोलला? पाय धुवायला इसरावं लागतं काय?"

ठराव मी मागे घेतला. रमेशच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ते आजही देता येत नाही आणि तुझ्यापासून ते लपवत नाही. तो कागद मला अजून बोचतो. आमिष हा शब्द रोज एकदा तरी आठवतो. मी भ्यालो म्हणून तुझे खोटे खरे होत नाही. तू एकटा पडलास हे मी समजू शकतो. पण एकटे पडलेल्या माणसालाही "मास्तर आले नाहीत" एवढेच लिहिता आले असते. तू ते लिहिले नाहीस, दुसरेच लिहिलेस. मी क्षमा केली, असे इथे लिहिले तर ते माझ्या पत्रांतले दुसरे खोटे होईल. ती मी मागतो आहे, स्वतःसाठी आणि तुझ्यासाठीही. अजून हाती आलेली नाही.

आईंच्या अग्नीविषयी. पहाटे फोनवर तू मला विचारले होतेस, "मग तिला कोण देणार, मास्तर?" मी तुला वचने वाचून दाखवली. तुझ्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. काय उत्तर द्यायला हवे होते, याविषयी मी आजही प्रार्थनेत गुडघ्यांवर आहे. पण इतके कळले आहे की जे उत्तर तुझ्या बाजूला बसून देण्याची माझी हिंमत नव्हती, ते फोनवर देण्याचा मला अधिकार नव्हता. पवित्र म्हणजे वेगळा केलेला, हे मी तुला शिकवले. ज्याच्या प्रीतीने आपण पवित्र झालो तो स्वतः वेगळा राहिला नाही. लोक काठ्या घेऊन उभे होते तिथेच तो उतरला. हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका एस.टी.च्या खिडकीने शिकवले, आणि तेही मी उतरलो नाही तेव्हा.

येत्या शनिवारी, १८ तारखेस, सकाळच्या गाडीने येतो. तुझी पहिली शिफ्ट असेल तर तू येईपर्यंत अंगणात बसेन. परात आणि पंचा माझ्यासोबत असेल. पाणी तुझ्या घरचे. मनस्वी, महिपतीराव, ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पाहावे. तू पाय पुढे करशील की नाही, हे तुझ्याकडे. तू नाही म्हणालास तर परात तशीच घेऊन परत येईन आणि त्यात तुझा दोष धरणार नाही.

एकच विचारायचे आहे. त्या दिवशी गाडी थांबली तेव्हा तू पुढे उभा होतास, असे मनस्वी सांगते. मी डाव्या बाजूच्या खिडकीत होतो, काच उघडी होती. तू मला पाहिलेस का? पाहिले असशील, तर घरी जाऊन "गाडी चुकली असेल" असे का सांगितलेस? आणि कागदावर माझ्याविषयी इतके लिहिताना मी उतरलो नाही हे, जे खरे होते, तेच का लिहिले नाहीस?

याचे उत्तर पत्राने पाठवू नकोस. येतोच आहे.

महिपतीरावांना माझा नमस्कार सांग. धोंडुबाईंची काठी अजून घरात असेल, तर ती घेऊन थांब्यावर यावे, अशी त्यांना माझी विनंती आहे. पायवाट लांब आहे आणि गुडघा खरोखरच दुखतो.

खांबला उतरणारा,
तुझा मास्तर
शांतवन