बाबांच्या नावापुढचा शब्द

मंगळवार, संध्याकाळ

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी मी आमच्या शहरातल्या फ्रीगंज भागातल्या एका ट्रस्टचा फॉर्म भरला होता. वडील नसलेल्या मुलींना ते मदत करतात. मी बाबांच्या नावापुढे ‘स्वर्गीय’ लिहिलं. एकच शब्द. लिहिताना मला काहीच कसं वाटलं नाही?

आज ट्रस्टच्या मॅडमचा फोन आला. "बेटा, कल हम घर देखने आएँगे." आणि बाबा समोरच मटार सोलत बसलेले! फोन ठेवला नि रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. तो शब्दसुद्धा.

बाबांनी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. कॉलेजात कळलं तर? माझं नाव काढून टाकतील?

मग म्हणाले, "नोकरी सुटल्यापासून मलाही कधीकधी ‘स्वर्गीय’च झाल्यासारखं वाटतं गं. नंबर लाव."

मी नको नको म्हणत राहिले. त्यांनी फोन हातात घेतला, घसा साफ केला.

"नमस्ते मॅडम. मैं रेवती का पिता बोल रहा हूँ."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "कल ग्यारह बजे दोनों ऑफिस आइए." आवाजावरून राग की काय, काहीच कळलं नाही.

बाबा जेवायला बसलेत. मी ताट बाजूला सारून हे लिहितेय.