पेन्सिलीनं लिवलेली आई

मंगळवार, माघ म्हैना, सन १९४९

चौथीत शाळा सुटली, तवा लिवन्यात चुका हुतील आन हातबी हळू चालतो. माफी आसावी. वाचनार मीच हाय, तरीबी.

आज मास्तर मतदारांची यादी करायला घरी आले. बाचं आन चुलत्याचं नाव शाईनं लिवलं. आईला इचारलं तर ती दाराआडून म्हनली, "सदाची आई लिवा." सदा माजा भाऊ.

मास्तर हसले. "गावात सदा चार हायत. मत कोनत्या सदाच्या आईनं द्यायचं?"

चुलता म्हनला, "बायांची नावं कशाला पायजेत? मागं घरातली मानसं लिवून नेली, आन म्हागून सरकारनं सक्तीच्या लेव्हीत जवारी नेली."

मास्तरांनी पेन्सिलीनं 'सदाची आई' लिवलं. पेन्सिलीनं का? खोडायलाच ना? मला आईचं नाव ठावं हुतं, पर तोंड उघडलं न्हाई.

दिवसभर ती पेन्सिल डोळ्यापुढं. चुलत्याचं खरं आसलं तर? पर मग बाप्यांची नावं शाईनं कशी?

सांजच्याला पान्याला जाताना चावडीवर गेले. मास्तर एकटेच हुते. मी खाली बघून म्हनलं, "आईचं नाव चंद्रभागा. शाईनं लिवा."

त्यांनी लिवलं. म्हनले, "एकवीसची झाली की तुझंबी लिवू."

शाई वाळेपत्तुर मी तितंच हुबी. मास्तर वाईट न्हाईत, पर शाई वाळलेली डोळ्यानं बघितली.

आईला सांगितलं न्हाई. जवारी न्यायला कोन आलं तर बोल मलाच लागनार.

शेळी व्याली. दोन करडं झाली.