दुरुस्तीवर दुरुस्ती

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. (घ्यायचा नसेल तर तसाच ठेव, नासणारी वस्तू नाही.) तुझे गुडघे कसे आहेत आणि भावोजींचा खोकला गेला की अजून घरात मुक्कामाला आहे, ते कळव. आपलं बोलणं बंद आहे हे मी विसरलेले नाही. कशावरून बंद झालं ते मात्र आठवत नाही, म्हणजे चूक तुझीच असणार. माझी असती तर तू विसरू दिली नसतीस.

इकडे माझ्या पित्ताशयात खडे निघालेत आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. त्याची मला भीती नाही. (डॉक्टर म्हणाला, आजी, छोटी छोटी भोकं पाडायची, बस. म्हटलं, आधी स्वतःला एक पाडून बघ.) भीती आहे ती घंटीची. त्या दवाखान्यात खाटेच्या उशाशी बटण असतं. ते दाबलं की नर्सचा फोन वाजतो, आणि तिने नाही उचलला तर शेजारच्या वॉर्डातल्या नर्सचा. हे सगळं चालवणारा प्रोग्राम कुणाच्या हातचा, तर आमच्या नातीच्या. जिला अजून छत्री परत घरी आणता येत नाही, तिच्या.

आता हे सावकाश वाच, मलाही उमजायला पुष्कळ दुपारी गेल्या. प्रोग्राम नात स्वतः लिहीत नाही. कसा हवा ते ती सांगते आणि मशीन पानंच्या पानं भडाभडा लिहून मोकळं होतं. पण मशीनला भारी घाई. पहिल्या नर्सला ते तीनच सेकंद देतं. तेवढ्यात ती बाई खुर्चीतून उठायचीही नाही, की घंटी निघाली दुसऱ्या वॉर्डाला. मी म्हटलं, मग तीन खोडून तीस कर, हात दुखतो का? तर म्हणते, आजी, त्या पानांना हात लावायचा नसतो. वरच लिहिलेलं असतं, हे मशीनने लिहिलंय, तुम्ही केलेले बदल पुसले जातील. आणि तसंच होतं म्हणे. काही नवीन सांगितलं की मशीन सगळं पहिल्यापासून लिहितं, आणि पुन्हा तीन. (आपल्या सासूबाईंसारखं. रात्री कितीही समजूत घाला, सकाळी गाऱ्हाणं पहिल्यापासून.)

म्हणून नातीने एक स्क्रिप्ट केली. स्क्रिप्ट म्हणजे हुकमाची चिठ्ठी समज. मशीनचं लिहून झालं की ती सगळी पानं चाळते आणि ‘थांब ३’ दिसेल तिथे ‘थांब ३०’ करते. तिला अर्थबिर्थ काही कळत नाही, अक्षरं तेवढी दिसतात. त्यांच्या ऑफिसात रीत अशी, की शेवटचा हात ज्याचा त्याने स्क्रिप्ट चालवायची. नातीने चालवली. तिच्या शेजारी एक चष्मेवाला बसतो, त्यानेही चालवली, कारण ही फोनवर होती आणि विचारण्यापेक्षा चालवणं सोपं. मग त्यांच्या साहेबाने खात्रीसाठी आणखी एकदा. एका भाजीत सुनेने मीठ घालावं, मग जावेने, मग चव न बघता सासूने, तशी गत. कारण ‘थांब ३०’ मध्ये ‘थांब ३’ असतंच. स्क्रिप्टने इमानाने तिथे पुन्हा शून्य चिकटवलं. तिसाचे तीनशे झाले, तीनशेचे तीन हजार, आणि कुणाला पत्ता नाही.

तो प्रोग्राम दवाखान्यात जाण्याआधी आमच्या घरी परीक्षेला आला. माझ्या उशाशी बटण, एक फोन नातीजवळ, दुसरा सुनेकडे. नात म्हणाली, आजी, तू पेशंट. मी आडवी झाले नि बटण दाबलं. नातीचा फोन वाजला, ठरल्याप्रमाणे तिने उचलला नाही. आता सुनेचा वाजायला हवा. वाजेना. सुनेने थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन पर्समध्ये टाकून केस कापायला निघून गेली. नात कॉम्प्युटर उघडून पानं बघायला लागली आणि बघता बघता पडद्यावर बोट ठेवून शून्यं मोजायला लागली.

मला काही झालं नव्हतं, धडधाकट पडले होते, तरी घाम फुटला. वाटलं, पोट शिवलेलं आहे, घशातून आवाज निघत नाही, बटण दाबलंय, आणि कुठेतरी ते मशीन निवांत मोजत बसलंय. बरं, त्याला वाटतंय आपलं सगळं बरोबर चाललंय. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात.

पुष्कळ वेळाने पार्लरमध्ये सुनेचा फोन वाजला: खाट एक, मदत हवी. परीक्षा ती विसरून गेली होती. अर्धे केस कापलेले, गळ्यात टॉवेल, तशी धावत आली. या घराण्यात सासूसाठी सून अशी धावलेली कुणी पाहिली नसेल. मी बिस्कीट खात होते.

“आई, काही झालं नाही?” तिचा सूर मला नीटसा कळला नाही.

“नाही झालं. जा, उरलेले कापून ये.”

आता दुरुस्तीचीही दुरुस्ती झाली आहे. तिनाच्या पुढे आकडा दिसला की स्क्रिप्ट गप्प बसते, कितीही वेळा चालवा. नातीने मला चालवून दाखवली, तीसचे तीसच राहिले. मी विचारलं, म्हणजे आता भीती नाही ना? खोटं बोलायला शिकली नाही ती, बापावर गेली. म्हणाली, उद्या मशीनने ते वाक्यच वेगळं लिहिलं, तर स्क्रिप्टला काही सापडणार नाही, आणि सापडलं नाही असं ती सांगणारही नाही. त्यावर मी काम करतेय.

“माझ्या ऑपरेशनआधी होईल?”

तर नखं खायला लागली.

असो. तू काळजी करू नकोस. दवाखाना चांगला आहे, नात हुशार आहे, मी चिवट आहे. तुला यायची मुळीच गरज नाही. भावोजींना आशीर्वाद सांग.

तुझी (असं लिहायची पद्धत आहे म्हणून),
थोरली

ता. क. ये. नातीला बसवलं तर ती माझ्याऐवजी बटणाकडे बघत बसेल. सून झोपली की तिच्या कानाशी ढोल वाजवला तरी व्यर्थ. तुझी झोप मात्र दुसऱ्याच्या घरात डब्याचं झाकण निघालं तरी उडते, हे मी अनुभवाने सांगते. मी नुसती कण्हले तरी तुला कळेल. नसती चौकशी करायची सवय कुठेतरी उपयोगी पडू दे.

आणखी एक. वॉर्डात एकालाच थांबू देतात, म्हणून तुझं नाव तुला न विचारता देऊन आले. खिडकीतल्या मुलीने विचारलं, ही तुमची कोण? मी बहीण सांगितलं. जाऊ म्हटलं असतं तर सगळं पहिल्यापासून समजवावं लागलं असतं, आणि माझ्यामागे रांग होती. कुणी विचारलं तर तूही तेच सांग. भांडणाचं मी शुद्धीवर आल्यावर बघू.