घंटा सगळ्यांची, लोलक माझा

आदरणीय वकीलमामांस,

भाच्याचा मनापासून सलाम. गुडघा कसा आहे? तेल चोळता की नुसती बाटली बघता? दोनदा घरी येऊन गेलो. दोन्ही वेळा तुम्ही आंघोळीला गेला होता, असं मामी म्हणाल्या; म्हणून हे पत्र. आम्ही सगळे प्रभुकृपेने बरे आहोत, मी सोडून.

आपली चर्चची मंडळी कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, हे तुम्ही कानीकपाळी ओरडून सांगायचा आणि आम्ही हसायचो. नोंदणी नाही, म्हणून चर्चची जागा कुणाच्या तरी नावावर हवी. पाळकांची बदली होते, वडीलधारे एकेक करून प्रभूकडे जातात, तेव्हा न भांडणारा माणूस म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं. (मला भांडता येत नाही, हे खरं कारण.) जागा, बाकं, पेटी, वीजमीटर, सगळं माझ्या नावावर. चष्मे विकणारा माणूस बसल्या जागी घंटेच्या मनोऱ्याचा मालक झाला. गेल्या रविवारी घंटा वाजवताना तिचा लोलक निसटला आणि शेजारच्या शिंप्याच्या पत्र्यातून थेट शिवणयंत्रावर बसला. शिंपी चहाला गेला होता म्हणून वाचला. (यंत्राला चहाची सवय नव्हती.)

आता दावा माझ्यावर, आणि राहत्या घरावर टाच येईल म्हणतात. मामा, मला खरंच झोप लागत नाही. सभा बोलावून तुमचंच पालुपद लावलं, की संस्था नोंदवली तर जागा संस्थेची, करार संस्थेचा आणि दावाही संस्थेवर; माणसं येतात-जातात, संस्था राहते. खजिनदारबाई म्हणाल्या, "आपण देवाची माणसं, आपल्याला सरकारी शिक्का कशाला?" मग ठरलं, की घंटा सगळ्यांची, पण लोलक ज्याच्या नावावर त्याचा. त्यानंतर माझ्यासाठी प्रार्थना झाली, चांगली लांबलचक. पाळकांचे डोळे पाणावले. मी आता फार दमलो आहे.

तुमचा भाचा
(तूर्त घर असलेला)

ता. क. शिंप्याचे वकील तुम्हीच आहात, हे मला कळलं आहे. तडजोड घडवा. सभेत माझ्यासाठी सगळ्यात मोठ्याने 'आमेन' मामी म्हणाल्या. तुम्ही शिंप्याच्या बाजूने आहात, हे त्यांना मी अजून सांगितलं नाही.

ता. क. आणखी एक. माझी दशा पाहून मंडळीने शेवटी नोंदणी मान्य केली आणि तोवर मालक बदलायचं ठरवलं. नाव मामींनीच सुचवलं, तुमचं. एकमताने मंजूर झालं, होकारही त्यांनीच देऊन टाकला. फक्त नोंदणी होईपर्यंत. तेव्हा नोंदणीचे कागद किती लवकर करायचे, ते तुम्हीच ठरवा. वरची दुसरी घंटाही जरा सैलच वाटते.